हुशार हान्स आणि वर्गातला ‘ढ’

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोडेबाजार भरतो. तेथे तालावर नाचणारा घोडा पाहताना आपली नजर त्याच्या पायांवर असते. धन्याच्या इशाऱ्याकडे आपण क्वचितच पाहतो. १९०४ मध्ये बर्लिनमध्ये अशाच एका घोड्याने भल्याभल्यांना चकवले. ‘हुशार हान्स’ खूर आपटून गणिते सोडवी. ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासले, तेव्हा विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्स चुकतो, असे दिसले. योग्य आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई आणि ते पाहून घोडा थांबे.

फुंग्स्ट यांचे पुस्तक १९६५ मध्ये नव्या प्रस्तावनेसह पुढे आणले ते रॉबर्ट रोझेनथाल (१९३३–२०२४) या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. १९५६ च्या आपल्या पीएच.डी.च्या प्रयोगातच त्यांना शंका आली होती : माझ्या अपेक्षेनेच तर निष्कर्ष वळवला नाही ना? पुढे त्यांनी विद्यार्थ्यांना साधेच उंदीर दिले. काहींना ‘हे हुशार’ म्हणून, काहींना ‘हे मठ्ठ’ म्हणून. ‘हुशार’ उंदीर भूलभुलैयातली वाट लवकर शिकले!

मग प्रश्न आला मुलांचा. मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांच्यासह त्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत शिक्षकांना काही नावे दिली : ही मुले यंदा झेप घेतील. नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षअखेर पहिलीतल्या या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी २७ गुणांनी वाढला, इतरांचा १२ ने. १९६८ च्या ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ या पुस्तकाने ही गोष्ट जगभरच्या शिक्षकांपर्यंत नेली.

परंतु पुस्तक नीट वाचले पाहिजे. तिसरी ते सहावीत असा फायदा दिसलाच नाही. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी त्याच वर्षी दाखवले, की लहान मुलांसाठी ती चाचणी भरवशाची नव्हती. एका वर्गाचा तर्कशक्तीचा सरासरी बुद्ध्यंक ३१ निघाला होता! तो खरा असता, तर ती मुले शाळेत बसूच शकली नसती. १९८४ मध्ये स्टीफन राउडेनबुश यांनी असे १८ प्रयोग एकत्र तपासले. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक काळ ओळखत असतील, तर बाहेरून दिलेल्या खोट्या माहितीचा परिणाम जवळजवळ शून्य होता.

म्हणजे ‘अपेक्षा उंच ठेवा, मूल हुशार होईल’ हा सोपा मंत्र या पुराव्यावर उभा राहत नाही. माझ्या मते रोझेनथाल यांचे मोठेपण त्या आकड्यांत नाही. मोजणाऱ्यालाही मोजले पाहिजे, या आग्रहात आहे.

तो आग्रह आपल्या कामाचा आहे. घरी भिली किंवा अहिराणी बोलणारे मूल पहिलीत पुस्तकी मराठी ऐकून गप्प बसते आणि ‘ढ’ ठरते. ते बोलत नाही म्हणून आपण विचारत नाही; आपण विचारत नाही म्हणून ते बोलत नाही. येथे चूक हान्सची की विचारणाऱ्याची?

उपाय साधे आहेत. नवा वर्ग हाती घेताना ‘यातले ढ कोण?’ हे आधीच्या गुरुजींना विचारू नये. आधी दोन आठवडे मुलांना स्वतः ओळखावे. उत्तरपत्रिका नाव झाकून तपासाव्यात. प्रश्न विचारल्यावर कोणासाठी किती वेळ थांबतो, हे सहकाऱ्याला घड्याळ लावून मोजायला सांगावे. आकडे पाहून आपलेच डोके किंचित हलेल.