पार्वतीला कुणी ओळखत कसं नाही?

मागच्या वर्षी पुण्यात आम्ही चौघं मित्र भाड्याने फ्लॅट शोधत होतो. कर्वेनगर, वारजे, धायरी असं करत करत शहराच्या कडेला पोचलो. प्रत्येक एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला, "फॅमिली की बॅचलर?" बॅचलर म्हटलं की पलीकडचा आवाज बदलायचा. अशाच एका नकारानंतर टपरीवर चहा पिताना एक जण म्हणाला, "मग ठरवा आता, पार्वती कोण होणार?" बाकीचे तिघं खो खो हसलो. संदर्भ कुणालाच विचारावा लागला नाही. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला, तेव्हा आमच्यापैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता.

पण त्याच रात्री आमच्यातला दुसरा एक, जो पिक्चरमधल्या चुका काढणारे व्हिडिओ झोपेपर्यंत बघतो, तो म्हणाला, "खरं सांगू का, त्या पिक्चरला लॉजिकच नाही. लक्ष्या साडी नेसतो आणि अख्ख्या घरात कुणाला कळत नाही? डोळे आहेत ना लोकांना?"

आक्षेप बिनतोड आहे. लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती बाई म्हणून दोन मिनिटंही खपणार नाही. तिची चाल, तिचा आवाज, तिचं पदराशी चाललेलं भांडण, सगळं ओरडून सांगत असतं की हा परशा आहे. सचिनची सुधा त्या मानाने बरी, पण तीही जेमतेम. एवढं असून हा चित्रपट लोक तीस-पस्तीस वर्षं पुन्हा पुन्हा बघतायत. म्हणजे एकतर सगळे प्रेक्षक मूर्ख आहेत, किंवा 'लॉजिक' या शब्दाने आपण जे मोजतोय ते चुकीच्या जागी मोजतोय.

यावर दुसऱ्या बाजूचं एक तयार उत्तर असतं: "डोकं बाजूला ठेवून बघ ना, एन्जॉय कर." मला हे उत्तर पहिल्या आक्षेपापेक्षा जास्त खटकतं. बाजू घेतल्यासारखं करून ते चित्रपटाचा अपमान करतं. धनंजय माने पार्वतीची बायको म्हणून ओळख करून देताना गडबडतो आणि तोंडातून पुल्लिंग निघतं, त्याला हसायचं तर मराठी व्याकरण डोक्यात जागं असावं लागतं. कोण कुणाचा नवरा आहे, कुणाला काय माहीत आहे, कोणत्या मुलीसमोर कोण पुरुष आहे आणि कोणत्या बाईसमोर कोण सून, हे सगळं हिशेबासारखं लक्षात ठेवावं लागतं. डोकं बाजूला ठेवलं तर 'बनवाबनवी' समजणारच नाही.

मग नेमका विश्वास आपण कशावर ठेवतो? साडीवर नाही. घरावर.

धनंजय ज्या घरात राहतो त्या घराचे मालक विश्वासराव सरपोतदार (सुधीर जोशी) त्याला बाहेर काढतात. चार तरुण पोरं, खिशात फारसं काही नाही, आणि लीलाबाई काळभोरांची अट एकच, जागा फक्त जोडप्यांना मिळेल. हा भाग कुणालाही पटवून द्यावा लागत नाही. १९८८ मध्ये द्यावा लागला नसेल आणि धायरीच्या टपरीवर आम्हाला तर नक्कीच लागला नाही. एकदा गरज खरी वाटली की माणूस तिच्यासाठी काय वाट्टेल ते करेल हे आपण मान्य करून टाकतो. चित्रपट आपल्याकडून साडीची एक थाप उसनी घेतो आणि मग तिचे हप्ते फेडत राहतो. एका खोट्याला टिकवायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. थेट पार्वतीच्या डोहाळजेवणापर्यंत गोष्ट जाते! थाप अशक्य आहे, पण तिची वाढ कशी होते ते अगदी शक्य आहे. घरी एकदा परीक्षेच्या निकालाबद्दल खोटं बोललेल्या कुणालाही हे माहीत असतं.

(हे मूळ बीज 'बनवाबनवी'चं नव्हेच. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून ते घेतलंय. त्या नावातच सगळं आलं. मराठी चित्रपट जास्त लक्षात राहिला यात वसंत सबनीसांच्या संवादांचा वाटा मोठा आहे.)

शिवाय साडीतल्या पुरुषाला बघायची आपल्या प्रेक्षकाची सवय जुनी आहे. बालगंधर्व (१८८८–१९६७) रंगमंचावर आले की समोर पुरुष आहे हे ठाऊक असलेले प्रेक्षक त्यांची नायिका मनापासून स्वीकारत. अत्र्यांची 'मोरूची मावशी' मूळ 'चार्लीज आंट' या १८९२ च्या इंग्रजी नाटकावर बेतलेली, पण विजय चव्हाणांनी ती इतकी आपली करून टाकली की मूळ कुणाचं हे कुणी विचारत नाही. यात एक फरक मात्र आहे. बालगंधर्वांच्या बाबतीत प्रेक्षकाने पुरुषाला विसरायचं असतं. मावशी आणि पार्वतीच्या बाबतीत विसरायचं नसतंच. आपल्याला दिसतंय आणि पडद्यावरच्यांना दिसत नाही, एवढ्यावर तर सगळी मजा उभी आहे. पार्वती खरोखर ओळखू न येण्यासारखी सजवली असती तर पिक्चर पडला असता. माझ्या मित्राला जी चूक वाटते तेच त्या चित्रपटाचं इंजिन आहे.

याचा अर्थ कुठल्याच चित्रपटाला हिशेब विचारायचा नाही असा नाही. 'दृश्यम'ला विचारायलाच हवा. मूळ जीतू जोसेफचा २०१३ चा मल्याळम चित्रपट, आणि २०१५ चा हिंदी, आपल्या 'डोंबिवली फास्ट'वाल्या निशिकांत कामतचा, गोव्यात घडणारा. विजय साळगावकर नंतर केलेल्या पणजीच्या फेरीला २ ऑक्टोबरची तारीख चिकटवतो. हॉटेल, बस, थिएटर, सत्संग, सगळीकडच्या लोकांच्या आठवणीत ती पेरतो. हा चित्रपट पहिल्यापासून आपल्याला सांगतो की तिकिटं मोजा, तारखा तपासा. तिथे एखादा दुवा निसटला तर तक्रार रास्तच, कारण खेळाचा नियम त्यानेच ठरवलाय. पण तोच कागद-पेन घेऊन 'अमर अकबर अँथनी'समोर बसण्यात काय हशील आहे?

मनमोहन देसाईंच्या त्या १९७७ च्या चित्रपटातला रक्तदानाचा प्रसंग रील्समुळे आता सगळ्यांना माहीत आहे. तीन खाटांवर तीन जण. तिघांचं रक्त नळ्यांमधून वर चढतं, एका बाटलीत एकत्र होतं आणि तिथून खाली त्या बाईच्या शरीरात जातं. ती त्यांची आई आहे हे तिघांना माहीत नाही, आपण भाऊ आहोत हेही नाही. वैद्यकीय दृष्ट्या हा सगळा मूर्खपणा आहे, आणि गुरुत्वाकर्षणाचं तर विचारूच नका. पण तो प्रसंग बघताना रक्त वर कसं चढलं हा प्रश्न थिएटरमध्ये किती जणांना पडला असेल? तीन धर्मांत वाढलेली तीन मुलं आणि नाव 'भारती' असलेली आई. देसाईंना जे सांगायचं होतं ते चित्रात दिसतं, आणि त्या चित्राला नळ्या अशाच हव्या होत्या. हे फार ढोबळ आहे अशी टीका जरूर करा, मीही करेन. पण ती टीका लॉजिकची नाही, चवीची आहे.

उलट कधी कधी कारण सांगायला गेलं की वाटोळं होतं. 'ग्राउंडहॉग डे'मध्ये (१९९३) बिल मरेचा फिल रोज सकाळी त्याच २ फेब्रुवारीला उठतो. का? शेवटपर्यंत कळत नाही. पटकथेच्या एका खर्ड्यात त्याच्या जुन्या प्रेयसीने शाप दिल्याचं कारण होतं, ते काढून टाकलं. बरं झालं. शाप ठेवला असता तर फिलला उ:शाप शोधत फिरावं लागलं असतं. आता त्याला स्वतःकडे बघण्यावाचून पर्याय राहत नाही. एकच दिवस पुन्हा पुन्हा मिळाला तर माणूस आधी चोरी करेल, मग कंटाळेल, मग मरू बघेल आणि मग कदाचित पियानो शिकेल, हा क्रम मला पटतो. घड्याळ का अडकलं याने मला काय फरक पडतो?

आता ज्या चित्रपटात अशक्य असं काहीच नाही, तिकडे वळू. 'कबीर सिंग' (२०१९). भूत नाही, शाप नाही, साडीतला पुरुष नाही. मेडिकल कॉलेज, सीनियर मुलगा, पहिल्या वर्षाची मुलगी, घरच्यांचा विरोध. असं रोज घडतं. कबीर वर्गात येऊन ही माझी आहे असं जाहीर करतो, न विचारता तिच्या गालावर ओठ टेकवतो, तिने कुठे बसायचं ते ठरवतो. प्रीती बराच वेळ जवळपास काही बोलतच नाही. तिला काय हवंय? तिला डॉक्टर का व्हायचंय? तिला याची भीती वाटते का, राग येतो का, की पहिल्याच दिवशी तोही आवडला? चित्रपटाला हे प्रश्नच पडत नाहीत. शेवटी बागेत ती गरोदर अवस्थेत सापडते, चार वाक्यं चिडून बोलते आणि गोष्ट गोड होते.

मला तिथे विश्वास ठेवता येत नाही. लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती मला प्रीतीपेक्षा कितीतरी पटीने खरी वाटते. पार्वतीला डोक्यावर छप्पर हवंय, पकडलं जायची भीती आहे, साडीचा वैताग आहे, बाहेर कमळीही आहे. खोट्या बाईला एवढं सगळं आणि खऱ्या बाईला काहीच नाही. गंमत म्हणजे 'कबीर सिंग'ची बाजू घेणाऱ्यांचा लाडका मुद्दा तोच असतो, "असं होतं रे, रिअल आहे." होत असेल. घडणाऱ्या घटना एकामागून एक मांडल्या म्हणून त्यातली माणसं खरी होत नाहीत.

हीच पट्टी लावायची तर 'बनवाबनवी'ही सुटत नाही. मला तो चित्रपट साडीच्या ठिकाणी कधीच खोटा वाटला नाही, शेवटाला वाटतो. लीलाबाईंनी या पोरांना घर दिलं, जीव लावला. माधुरी, सुषमा, मनीषा या मुली त्यांच्यात मनाने गुंतल्या. सगळं उघड झाल्यावर फसवलं गेल्याचा जो घाव बसायला हवा, त्याला तिथे जागाच मिळत नाही, सगळं फार पटकन गोड होतं. दोन तास थापेचे हप्ते फेडणारा चित्रपट शेवटचा, सगळ्यात मोठा हप्ता बुडवतो. अश्विनी भावेच्या माधुरीला एकच शांत प्रसंग मिळाला असता, जिथे ती धनंजयकडे नुसती बघत राहिली असती, तर पुढचं हसू आणखी पिकलं असतं.

हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे लॉजिक नाही हे तूही मान्य केलंस." मी म्हटलं हो, पण तू म्हणतोस तिथे नाही. त्याने फोन उचलला आणि एजंटचा मेसेज वाचून दाखवला. नऱ्ह्यात एक फ्लॅट होता, दोन बेडरूम, पाणी चोवीस तास, ओन्ली फॅमिली.