पेला आहे, बाग नाही

नाशिकहून गंगापूर, गिरणारे आणि वाघेरा घाट असा जाणारा रस्ता हरसूलला पोहोचतो. रस्त्याच्या पहिल्या टप्प्यात द्राक्षबागा आणि वाइनरी आहेत, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या आहेत. गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूल, जव्हार, मोखाडा या बाजूंनी आलेली माणसे छाटणीसाठी, विरळणीसाठी, काढणीसाठी तिथे उभी असतात. घाट ओलांडला की द्राक्षे मागे पडतात. भात, नागली, वरई आणि मोहाची झाडे सुरू होतात. मार्च-एप्रिलच्या पहाटे त्या झाडांखाली घरातली लहानथोर सगळी फुले वेचताना दिसतात.

या एका रस्त्यावर मद्याची दोन झाडे आहेत. द्राक्षवेलीला गेल्या पंचवीस वर्षांत एक गोष्ट मिळाली, ती आपण कौतुकाने सांगतो. मोहाला त्याच्या फार आधीपासून कायद्याचे कलम मिळालेले आहे, आणि मराठी वाङ्मयाला ते फारसे खटकल्याचे दिसत नाही. ती गोष्ट वाचून पाहावी, आणि ती इतक्या सहजपणे का रुजली याचा शोध आपल्या वाङ्मयात घ्यावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. स्टॅनफर्डला शिकलेले राजीव सामंत कॅलिफोर्नियातली ओरॅकलमधली नोकरी सोडून १९९०च्या दशकात परत येतात. नाशिकजवळ कुटुंबाच्या मालकीची जमीन असते. तिच्यात आंबा, गुलाब, साग, खाण्याची द्राक्षे असे प्रयोग होतात. मग केरी डॅमस्की हा कॅलिफोर्नियातला वाईनतज्ज्ञ सोबतीला येतो, १९९७ मध्ये शेनिन ब्लां आणि सोविन्यों ब्लां या फ्रेंच वाणांची लागवड होते, २००० साली पहिली वाईन बाजारात येते. आई सुलभा, तिच्या नावावरून वाईनचे नाव सुला. २०२२च्या डिसेंबरात कंपनीचे समभाग शेअर बाजारात दाखल होतात.

या कर्तबगारीविषयी मला शंका नाही. नाशिकच्या वाईनला भौगोलिक मानांकन मिळाले आणि दिंडोरी हे तालुक्याचे नाव बाटलीवर चढले, यामागे या धडपडीचा वाटा मोठा आहे. माझा आक्षेप गोष्टीच्या साच्याला आहे. 'वडिलोपार्जित जमिनीकडे परतलेला मुलगा' हा तो साचा. पुढे नाशिक जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक वाइनरीची ओळख त्याच साच्यात ओतली गेली. त्यात वारसा हा शब्द असतो, माती असते, आजोबा असतात. हे सगळे युरोपातून आले आहे. तिकडे शंभर वर्षांचे वेल असतात, तळघरात पणजोबांनी भरलेली पिंपे असतात आणि नातू खरोखरच काहीतरी पुन्हा जिवंत करतो.

नाशिकमध्ये असे तळघर नाही. ओझरला १९२५ मध्ये रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षशेती सुरू केली असे सांगितले जाते, म्हणजे जिल्ह्यातल्या द्राक्षाचे वय माणसाच्या तीन-चार पिढ्यांएवढे. त्या बागा भोकरी, फकडी अशा खाण्याच्या जातींच्या होत्या. मग थॉम्पसन सीडलेस आली, तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश आली. वाईनसाठी लावलेला वेल हा या बागाईतदाराच्या दृष्टीने पाहुणाच. त्यातही इथल्या उष्ण हवेत वेल थंडीने झोपत नाही. शेतकरी त्याला वर्षातून दोनदा छाटतो: उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी. अशी दमछाक झालेली बाग पंधरा-वीस वर्षांत म्हातारी होते. तेव्हा शेतकरी ती उपटतो आणि नवी लावतो. २००८च्या मंदीनंतर वाईनच्या द्राक्षाला उठाव राहिला नाही तेव्हा कितीतरी जणांनी जवान बागाही उपटल्या. बाग पुन्हा जिवंत करणे याचा निफाड-दिंडोरीतला अर्थ हा आहे. त्यात कर्ज आहे, काडी तयार होणे आहे, डोळे फुटणे आहे, भुरी आहे, फुलोऱ्यात पडलेला अवकाळी पाऊस आहे. वाइनरीच्या गोष्टीत यातले काही येत नाही. आजोबा मात्र येतात.

हा उसना साचा आपल्याला उसना का वाटला नाही? मला वाटते, आपल्या वाङ्मयात पेला भरपूर आहे, पण बाग कधी नव्हती. रिकाम्या जागेत कोणतीही गोष्ट लवकर बसते.

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला रंगभूमीवर आणले. लेखक त्याआधी महिनाभरच गेला होता. मराठी माणसाची दारूविषयीची नैतिक कल्पना या एका नाटकाने जेवढी घडवली तेवढी कुठल्या प्रवचनाने घडवली नसेल. सुधाकर वकील आहे, सिंधूला दळण दळावे लागते, तळीराम मंडळ चालवतो. सगळी शोकांतिका पेला ओठाला लागल्यानंतरची आहे. त्या पेल्यात येणारे द्रव्य कुठे गाळले गेले, त्यावरचा अबकारी कर कोणाच्या तिजोरीत गेला, हा नाटकाचा विषय नाही. नाटककाराला यासाठी दोष देणे बरोबर नव्हे. त्याला एका घराची राखरांगोळी दाखवायची होती. पण परिणाम असा झाला की दारू म्हणजे पिणाऱ्याचे चारित्र्य, हे समीकरण पक्के झाले. ती करणारी माणसे आणि ज्या झाडापासून ती होते ते झाड रंगमंचाच्या बाहेर राहिले.

बारा वर्षांनी उलट टोकाची कृती आली. माधव जूलियन हे फार्सीचे जाणकार. त्यांनी उमर खय्यामच्या रुबाया मुळातून मराठीत आणल्या, आणि १९३१ मध्ये फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवताराचा मराठी अवतार 'द्राक्षकन्या' या नावाने प्रसिद्ध केला. शब्द सुंदर आहे. पण मराठीत द्राक्षाची ही लेक आली ती निशापूरहून, लंडनमार्गे, पुस्तकातून. त्याच सुमारास ओझरच्या मळ्यात खऱ्या वेलीला घड लागत होते, आणि या दोन द्राक्षांची कधी भेट झाली नाही. जूलियनांची मदिरा हे रूपक आहे आणि रूपकाला खत-पाणी लागत नाही. रविकिरण मंडळाच्या काळातल्या वाचकाला वाईनविषयी जे आकर्षण वाटले त्यात मद्यपानाचे पाप नव्हते, कारण त्यात मद्यच नव्हते.

या परंपरेचा पुढचा अंक बाजारात घडला, आणि तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने १९८०च्या दशकात फ्रेंच साहाय्याने फसफसती वाईन काढली. भारतात ती 'मार्कीज द पाँपादूर' या नावाने विकली गेली, परदेशात 'ओमर खय्याम' या नावाने. जुन्नरच्या मातीतले द्राक्ष आणि त्याला नावे मिळाली ती फ्रेंच राजाच्या प्रेयसीचे आणि इराणी कवीचे. (कंपनी पुढे कर्जात बुडाली, तो वेगळा विषय.) त्या तुलनेत 'सुला' हे घरातले नाव आहे, ही मोठीच प्रगती म्हणायची, मात्र ते असे कापले आहे की सुलभाबाईंची ओळख सांगितल्याशिवाय पटत नाही.

आता घाटापलीकडे. हरसूलच्या बाजूला कोकणा, वारली, महादेव कोळी वस्ती आहे. तिथे ज्याला खऱ्या अर्थाने वडिलोपार्जित म्हणता येईल असे झाड मोहाचे. आदिवासी पट्ट्यांत जमीन वनखात्याची असली तरी कोणते झाड कोणत्या घराने वेचायचे हे गावाला ठाऊक असते, आणि तो हक्क पिढीने पिढीला जातो. फुले वाळवून साठवतात, खातात, बियांचे तेल काढतात, आणि दारू गाळतात. मद्याच्या संदर्भात पुन्हा जिवंत करण्याजोगी घरची जुनी बाग नाशिक जिल्ह्यात कुठे असेलच, तर ती ही. युरोपीय साच्यातल्या सगळ्या अटी हे झाड पुऱ्या करते: वय, वारसा, माती, आजोबा.

तिच्या वाट्याला काय आले? १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती भट्टीचे दिवस संपवले आणि दारू गाळणे मक्तेदारांच्या हाती दिले. १८९२च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आणले. स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि फुले बाळगण्या-नेण्यावरचे निर्बंध चालूच राहिले. महाराष्ट्राने ते शिथिल केले २०२१ मध्ये. याच राज्याने द्राक्षाच्या वाईनसाठी २००१ मध्ये स्वतंत्र धोरण केले, उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूरला वाईन पार्क वसवले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा वाईन ही दारूच नव्हे, असा युक्तिवाद सरकारी बाजूने ऐकू आला. हे भाषेचे काम आहे, म्हणून समीक्षकाचेही आहे. 'वाईन', 'गावठी', 'हातभट्टी', 'पहिल्या धारेची' या शब्दांत पेयाचे वर्णन थोडे आणि पिणाऱ्याच्या पायरीचे जास्त आहे. मद्यार्काचा फरक खराच आहे; वाईन नुसती आंबवलेली, मोहाची दारू गाळलेली, म्हणून जास्त कडक. पण गोव्याची फेणीही गाळलेलीच असते, आणि गोव्याने २०१६ मध्ये तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. चरकसंहितेत तर मधूकासव आहे, म्हणजे मोहाच्या फुलांचे आसव. ते वैद्याच्या बाटलीत गेले की औषध होते.

इथे एक मोह टाळला पाहिजे (शब्दश्लेषाबद्दल क्षमा). हरसूलच्या मोहाची रम्य बखर लिहून वाइनरीच्या गोष्टीला उत्तर देता येईल, पण तेही खोटे ठरेल. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७च्या आपल्या ग्रंथात १९२२च्या सुमाराच्या देवीच्या चळवळीचा इतिहास मांडला आहे. पालघरच्या किनाऱ्याकडे उठलेली ही लाट नाशिक जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यातून, सुरगाण्याकडून डांग आणि सुरतेच्या आदिवासी मुलखात पोहोचली. अंगात आलेली देवी सांगे: दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा. लोकांनी ऐकले, आणि दारूच्या मक्तेदारांवर त्याचा घाव बसला. हार्डिमन यांचे म्हणणे असे की हा वरच्या जातींचा नुसता उपदेश नव्हता; आदिवासींनी आपली सत्ता आपल्या हाती घेण्याचा तो प्रयत्न होता. गडकऱ्यांच्या नाटकानंतर तीनच वर्षांनी घडलेले हे दारूबंदीचे नाट्य, शेकडो गावांचे, आणि मराठी रंगभूमीला त्याची वार्ताही नाही. सिंधूच्या दळणाइतकेच त्यातही घरे वाचवण्याचे दुःख होते. आजही 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदानाला ज्या बायका रांगा लावतात त्यांना कोणी मोहाचा सांस्कृतिक वारसा ऐकवायला जाऊ नये.

म्हणून प्रश्न मोहाला वाईनसारखे लेबल मिळण्याचा नाही. मध्य प्रदेशाने मोहाला 'हेरिटेज' मद्य म्हणून बाजार दिला. त्यातून फुले वेचणाऱ्याच्या हाती काय पडते ते पाहावे लागेल. प्रश्न ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना दोन अधिकार एकाच कलमात शेजारीशेजारी दिले आहेत: मादक पदार्थांवर बंदी वा नियमन करण्याचा, आणि गौण वनोपजाच्या मालकीचा. गाळायची की नाही आणि फूल कोणाचे, दोन्ही गावाने ठरवायचे. हरसूलचा पट्टा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कायद्याच्या त्या चार ओळींत जेवढे नाट्य आहे तेवढे मला अलीकडच्या कुठल्या ग्रामीण कादंबरीत सापडलेले नाही. ग्रामसभेच्या एका बैठकीवर, जिथे फुले विकू पाहणारा आणि नवऱ्याच्या पिण्याने गांजलेली समोरासमोर बसली आहेत, खरे तर एक नाटक उभे राहील.

तोवर गोष्टी वाइनरीच सांगत राहणार. वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. थंडीत भल्या पहाटे घड कापायचे असतात, ऊन चढण्याआधी क्रेट भरायचे असतात. गिरणाऱ्याच्या बाजारातून गेलेली माणसे होळीला घाटापलीकडे परततात. तेव्हा काढणी संपत आलेली असते आणि हरसूलकडे मोह गळायला लागलेला असतो. पुन्हा पहाटे उठायचे असते.