पदवीवर्गातील गणिताचे चर्चासत्र : एक परीक्षण

पदवीच्या विद्यार्थ्यास एकेका अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली चर्चासत्रात बोलावयास लावावे, ही कल्पना आता सर्वमान्य झाली आहे. तिचे परीक्षण मात्र क्वचितच होते. ग्रंथातील प्रकरणाचा सारांश म्हणजे चर्चासत्र नव्हे. सिद्धतेतील प्रत्येक पायरीचा जाब विद्यार्थ्यास द्यावा लागतो, तेथे चर्चासत्राचा आरंभ होतो. एस. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेल्या ‘मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च’ या उन्हाळी उपक्रमाचे महत्त्व यातच आहे : तेथे अध्यापक प्रश्न विचारतो आणि उत्तर विद्यार्थ्यांकडूनच काढून घेतो.

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांचा १९४९ मधील शोध या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. हीच कृती पुनःपुन्हा केल्यास फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. सारांश सांगणारा येथेच थांबतो. ‘असे का?’ या प्रश्नाने अडविलेला विद्यार्थी अंकांस अ ≥ ब ≥ क ≥ ड मानून वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) अशी लिहितो. ती दोन फरकांवरच अवलंबून आहे आणि दुसरा फरक पहिल्याहून मोठा असू शकत नाही. म्हणून हजारो संख्यांचा प्रश्न अवघ्या ५४ शक्यतांवर येतो. हा संक्षेप स्वतः साधणे, हेच संशोधनाचे पहिले शिक्षण होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याने मात्र चौथ्या वर्षातील संशोधनाची वाट पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांपुरती ठेवली. अध्यापकाचा वेळ मर्यादित असतो, तेव्हा निवड अटळ आहे, हे मान्य करावे लागेल. पण गुण ही तिची योग्य कसोटी नव्हे. कापरेकरांना १९२७ साली मिळालेले रँग्लर परांजपे पारितोषिक विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणितकार्यासाठी होते. पदव्युत्तर शिक्षण तर त्यांनी घेतलेच नाही.

ज्यांच्या नावाचे हे पारितोषिक, ते परांजपे दाभोळ खाडीपलीकडच्या दापोली तालुक्यातील मुर्डीचे. खाडीच्या अलीकडे गुहागर; तेथील विद्यार्थ्यास रेल्वेसाठीही चिपळूण गाठावे लागते. त्याला मोठे ग्रंथालय दूर आहे, परंतु वरील ५४ शक्यतांसाठी फळा, खडू आणि उत्तर देण्याची घाई न करणारा एक अध्यापक पुरेसा आहे. म्हणून चर्चासत्र चौथ्या वर्षाचे बक्षीस न ठरता पहिल्या वर्षाचा पाठ व्हावे, आणि निवड त्यानंतर व्हावी.