‘तुका’ : तोडलेले नाव की जोडलेले?

सज्जनहो, आधी एका चुकीची कबुली देतो. पुष्कळ वर्षे नारदांच्या गादीवरून मी ‘तुका’ या नावाचा एकच अर्थ सांगत आलो. तूक म्हणजे वजन. महाराजांचे घर वाणी-उदीम करणारे, हाती तराजू. म्हणून ज्याने संसार आणि परमार्थ तोलून पाहिला तो तुका! टाळकरी माना डोलवीत. एकदा कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारे बाबा पाया पडून म्हणाले, “म्हाराज, आमच्या थोरल्याचं नाव तुकाराम, घरात तुक्याच म्हणतो. त्यानं काय तोललं?” मला उत्तर देता आले नाही.

तो अर्थ गोड होता, पण नावाचा नव्हे, कीर्तनकाराचा. ‘तू का?’ असा पदच्छेद करून त्यातून अद्वैत काढणारेही ऐकले आहेत. दृष्टान्त म्हणून खुशाल सांगा. व्युत्पत्ती म्हणून सांगू नका.

नाव जुन्या मराठी घरांतलेच आहे. व्यंकोजीराजांच्या मातोश्री तुकाबाई, होळकरांचे तुकोजी. आणि तुकाई तर भवानीचेच नाव. मूळ ‘तुका’, त्याला कुठे बाई, कुठे जी, कुठे राम जोडला, असे मला दिसते. सखाराम, गंगाराम यांचा साचा तोच. म्हणजे तुकारामाचे तोडून ‘तुका’ झाले नाही, तुक्याला राम जोडून तुकाराम झाले.

आता नाममुद्रेकडे या. अभंगात लहान नाव का, असे विचारले की ठरलेले उत्तर येते : नम्रता. नम्रता आहेच. पण तेवढेच कारण धरले, तर माउली ‘ज्ञानदेव’ असे पुरे नाव घालतात, ते काय कमी नम्र? जरा अक्षरे मोजा. मोठ्या अभंगाचे माप सहा, सहा, सहा, चार. ‘तुका म्हणे’ ही चार अक्षरे. सहाच्या चरणात दोन उरतात आणि तिथूनच बोलणे सुरू होते. ‘तुकाराम म्हणे’ लिहिले की सहा भरली, चरण संपला. ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ यांचे माप तेच. निळोबारायांनीही ‘निळा म्हणे’ म्हणून गुरूचेच माप उचलले. नाथांचे मात्र निराळे. ‘एका जनार्दनी’ हा सहा अक्षरांचा अख्खा चरण : दोन अक्षरे स्वतःला, चार गुरूला! इतकी वर्षे गाऊनही हे माझ्या ध्यानात उशिराच आले.

हल्ली कोणी आदरापोटी अभंग गातानाच ‘तुकोबाराय म्हणे’ असे घालतात. बाबांनो, चिंतनात ‘तुकोबाराय’ म्हणा, हजारदा म्हणा. चरणात तो शब्द घातला की माप मोडतेच, शिवाय महाराजांच्या तोंडी स्वतःलाच ‘राय’ म्हणणे येते. त्यांच्या धाकट्या बंधूंनी, कान्होबांनी, तर मुद्रेत स्वतःचे नावही ठेवले नाही, ‘तुकयाबंधु’ एवढेच. जनाबाईही ‘नामयाची जनी’.

मोठेपणा लोकांनी लावला, आणि तोही घरगुतीच. विठ्ठलाचा विठू, विठूचा विठोबा. तुक्याचा तुकोबा, चोख्याचा चोखोबा. देवाला आणि भक्ताला एकच ‘बा’. दिंडीत ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणताना मात्र आपण एकाला बा लावतो आणि दुसऱ्याचा राम तसाच ठेवतो. पखवाजाला दोन्ही चालतात.