तिसरे रत्न आणि बारा रुपयांचा मास्तर

प्रचारासाठी लिहिलेले वाङ्मय हे खरे वाङ्मय नव्हे, असा एक समज आपल्याकडे बराच काळ सुखाने नांदत आला आहे. ज्याला काही पटवून द्यायचे असेल त्याने सभा भरवावी, पत्रक काढावे, फार तर वर्तमानपत्रात लिहावे. नाटकाच्या वाटेला जाऊ नये, असे आपले रसिक मोठ्या विश्वासाने सांगतात आणि त्याच दमात 'शारदा'ची तारीफ करतात! देवलांनी १८९९ साली जरठ-बाला विवाहावर कोरडा ओढला, तो प्रचार नव्हता काय? होताच; पण तो गोड पदांतून आला आणि दुखऱ्या जागेवर बसला तरी ती जागा आपल्याच घरातली होती. तेव्हा भांडण प्रचाराशी नाही. प्रचार कोण करतो आणि कोणाच्या पदरात तो पडतो, यावर आपली रसिकता पुष्कळदा अवलंबून असते.

हे सारे आठवण्याचे कारण जोतीराव फुले यांची दोन लिखाणे. एक आहे 'तृतीय रत्न' हे १८५५ सालचे नाटक. दुसरे आहे १८८२ च्या ऑक्टोबरात त्यांनी हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढे सादर केलेले निवेदन. दोहोंत सत्तावीस वर्षांचे अंतर. एक मराठीत, दुसरे इंग्रजीत. एकात विदूषक आहे, दुसऱ्यात जमाखर्च. विषय मात्र एकच: शाळा. सर्वांसाठी शाळा मागणाऱ्या माणसाला दोन वेगळ्या दारांवर दोन वेगळ्या आवाजांत कसे बोलावे लागले, हे पाहायचे असेल तर ही लिखाणे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. आपल्याकडे जोतीरावांच्या तसबिरीला हार घालणारे उदंड आहेत. त्यांचे नाटक वाचलेला माणूस दहा घरांत एखादा भेटला तरी पुष्कळ.

नाटकाची गोष्ट तशी साधी. एका कुणब्याच्या घरी बायको गरोदर आहे. दारी जोशीबुवा येतात. पोटातल्या बाळाला ग्रहांची पीडा आहे, असे सांगून ते त्या बाईच्या काळजात भीती घालतात आणि मग उपाय सुचवतात. उपाय म्हणजे अर्थातच ब्राह्मणभोजन आणि दक्षिणा. घरात पैसा नाही. नवराबायको कर्ज काढतात आणि जोशीबुवांचे घर भरते. पुढे एक पाद्री भेटतो, संभाषण होते, कुणब्याच्या डोळ्यांवरची झापड हळूहळू उतरते. मध्ये मध्ये विदूषक येऊन आपले मत ठणकावून सांगतो. शेवटी ते जोडपे जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी काढलेल्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवते, आणि नाटक संपते.

ही गोष्ट वाचून कोणी म्हणेल की हे तर सरळ सरळ बोधनाट्य झाले. झालेच आहे. पण १८५५ साल डोळ्यांसमोर आणावे. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीता स्वयंवर' केले त्याला तेव्हा अवघी बारा वर्षे लोटली होती. मराठी रंगभूमी म्हणजे सूत्रधार, गणपती, सरस्वती, देव आणि राक्षस. ज्याला आपण पहिले स्वतंत्र गद्य नाटक म्हणून मान देतो ते कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' यायला अजून सहा वर्षे होती. आणि त्यातही नायक पेशवाच. अशा वेळी एका माणसाने कुणब्याच्या घराचा उंबरठा रंगभूमी केला. देव नाही, राजा नाही, युद्ध नाही. गरोदर बाईची भीती आणि सावकाराचे कर्ज, एवढ्यावर नाटक उभे केले. या एका निवडीसाठीच त्याचे स्थान वाङ्मयेतिहासात पक्के असायला हवे होते.

ते झाले नाही, याची कथा नाटकाहून कमी रंजक नाही. जोतीरावांनी हे नाटक पाठवले कोठे? दक्षिणा प्राइझ कमिटीकडे! पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात त्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळवण्यात आला. म्हणजे दक्षिणेसाठी कुणब्याला नागवणाऱ्या जोश्याचे नाटक दक्षिणेच्याच पैशांतून बक्षीस मागायला गेले. विदूषकालाही सुचली नसती अशी ही थट्टा आहे. कमिटीने नाटक नाकारले. तेथील ब्राह्मण सभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे १८७३ च्या 'गुलामगिरी'त नमूद करून ठेवले आहे. त्यानंतर हे नाटक छापले गेले ते थेट १९७९ साली. तोवर सव्वाशे वर्षांत मराठी नाटकाने संगीताचे वैभव पाहिले, ते ओसरतानाही पाहिले, इब्सेन पचवला, प्रायोगिक झाली. आणि त्याचे एक थोरले भावंड कागदांच्या गठ्ठ्यात पडून राहिले.

आता गुणदोषांकडे वळू. पहिला दोष पाद्र्याचा. तो बोलायला लागला की थांबत नाही, आणि नाटककारही त्याला थांबवत नाहीत. जोतीराव मिशनऱ्यांच्या शाळेत शिकले होते, त्यांच्या कार्याविषयी त्यांच्या मनात आदर होता. पण आदर ही पात्र रंगवण्याची उत्तम तयारी नव्हे. जोशीबुवा लबाड असल्यामुळे जिवंत वाटतात. पाद्री सज्जन असल्यामुळे पुस्तकी झाला आहे. दुसरा दोष कुणब्याचा. काल ग्रहांना भिणारा मनुष्य आज इतका स्पष्ट विचार करू लागतो की हा बदल आपल्या नजरेसमोर घडला नाही, नाटककाराच्या इच्छेने घडला, असे वाटत राहते. मन वळणे ही आडवळणाची गोष्ट आहे. मनुष्याला पटते, पुन्हा शंका येते, रात्री तो उठून बसतो. ती रात्र या नाटकात नाही.

पण विदूषक! भाव्यांच्या खेळांतला विदूषक प्रेक्षकांना हसवण्यासाठी येई आणि उड्या मारून जाई. जोतीरावांनी तेच ओळखीचे पात्र उचलले आणि त्याच्या तोंडी राग घातला. जोशी बोलतो, विदूषक त्याचा अर्थ सांगतो. कुणबी भितो, विदूषक त्या भीतीची किंमत सांगतो. हसता हसता प्रेक्षकाला एकदम जाणवते की आपण ज्याला हसत आहोत तो व्यवहार आपल्याही घरी झालेला आहे. पुढे सत्यशोधकी जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी जी वाट रुंद केली, तिची पहिली पाऊलखूण येथे दिसते, असे मला वाटते.

आणि शेवट. बहुतेक बोधप्रद लिखाणांचा शेवट हवेत असतो: जागे व्हा, उठा, ज्ञान मिळवा! जोतीरावांनी पत्ता दिला. अमुक शाळा, रात्रीची वेळ. दिवसभर राबणाऱ्यांनी यावे. नाटक पाहून घरी जाणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी काय करायचे हे कळावे, इतका तो शेवट उघडा आणि कामाचा आहे. कलेच्या कसोटीवर याला कोणी जाहिरात म्हणेल; म्हणोत. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढून बसलेल्या आणि त्यापायी घर सोडावे लागलेल्या जोडप्याला हवेतला शेवट लिहिणे जमणारच नव्हते. शिवाय त्या शाळेत नवऱ्याबरोबर बायकोही जाणार आहे, हे विसरू नये. फसवली गेली ती. शिकायलाही तीच निघते.

सत्तावीस वर्षांनी तेच जोतीराव सरकारी आयोगापुढे उभे आहेत. आता ते पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद आहेत, व्यापारी आहेत, शेतीही करतात. निवेदनातला आवाज शांत आहे. मुद्दा असा: सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या घामातून येते, ते खर्च होते मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वरचे शिकले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची समजूत होती. जोतीराव विचारतात, शिकलेल्यांनी आपल्या घरी तरी गोरगरिबांसाठी वर्ग चालवले काय? प्रश्न सौम्य आहे. उत्तर देणाऱ्याची मात्र पंचाईत होते.

पुढे मागण्या. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे. जेथे सोवळ्याओवळ्यापायी महार-मांगांच्या मुलांना इतरांबरोबर बसू देत नाहीत तेथे त्यांच्यासाठी निराळ्या शाळा असाव्यात. मोडी आणि बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे असावेत. आणि मास्तर? तो शिकून तयार झालेला असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हाती धरायची लाज न वाटणारा असावा, आणि त्याला दरमहा बारा रुपयांहून कमी पगार नसावा.

हा बारा रुपयांचा मास्तर म्हणजे माझ्या मते जोतीरावांनी निर्माण केलेले सर्वांत उत्तम पात्र. नाटकातल्या पाद्र्याला जे जमले नाही ते या एका ओळीतल्या मास्तराला जमते, तो दिसतो. त्याचे हात दिसतात. गावच्या पारावर तो कसा बसेल, पोराच्या बापाशी पिकापाण्याचे काय बोलेल, हे कळते. शिक्षणाची चळवळ करणारे पुष्कळ जण मुलांविषयी भरभरून बोलतात आणि मास्तरापाशी आले की आवंढा गिळतात, कारण तेथे पैशांचा प्रश्न येतो. जोतीरावांनी आकडा लिहिला.

निवेदनातले सगळेच आज पटेल असे नाही. खेड्यातल्या शाळेचा अभ्यासक्रम शहरातल्या शाळेपेक्षा हलका असला तरी चालेल, मात्र तो व्यवहारोपयोगी असावा, असे ते म्हणतात. त्या काळी हे व्यवहारज्ञान होते. आज त्यात धोका दिसतो. खेड्यातल्या पोराने हिशेबापुरते शिकावे आणि शहरातल्याने काव्यशास्त्रविनोद करावा, अशी वाटणी एकदा झाली की ती मोडायला शतक पुरत नाही. शेतीतले काही न कळणारा कारकून नको, हा जोतीरावांचा रोख योग्यच. पण शेतकऱ्याच्या मुलाला कविता नको असे त्यावरून कोणी ठरवले तर? 'अखंड' रचणाऱ्या माणसाने या बाजूवर थोडे अधिक लिहायला हवे होते.

आयोगाने सक्ती मानली नाही. शहरातल्या शाळांचा खर्च म्युनिसिपालिट्यांनी सोसावा, पण कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, असे जोतीरावांनी बजावले होते. आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचीच शिफारस केली. पुढे बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते राज्यभर नेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तोच मार्ग धरला. ब्रिटिश मुलखात गोखल्यांनी १९११ च्या मार्चात विधेयक आणले. ते विधेयकही वाङ्मय म्हणून वाचण्यासारखे आहे: इतके सावध, इतके नम्र! मुले पुरेशा संख्येने आधीच शाळेत जात असतील तेथेच, स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच, सरकारची मंजुरी मिळाली तरच सक्ती. आणि दरमहा दहा रुपयांहून अधिक मिळकत नसलेल्या पालकांना फी माफ. एवढी नम्रता धारण करूनही १९१२ साली ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. म्हणजे रागाने मागितले तरी नाही, अदबीने मागितले तरी नाही. तेव्हा जोतीरावांच्या भाषेची धार बोथट असती तर काम झाले असते, असे सांगणाऱ्या सभ्य टीकाकारांनी हे आकडे एकदा पाहावेत.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगितले. ती मुदत १९६० साली संपली. हक्काचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. हंटर आयोगापुढच्या त्या निवेदनापासून मोजले तर मधे सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. आणि २०२३ साली आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा पुन्हा तोच जमाखर्च निघाला: एवढ्याशा मुलांसाठी मास्तर परवडतो का? डोंगरातल्या वाडीवरच्या सात-आठ पोरांची शाळा कागदावर तोट्याची दिसणारच. त्या कागदावर वाडीने भरलेला कर कोणत्या रकान्यात मांडायचा, हा जोतीरावांचा प्रश्न होता. तो रकाना अजून कोणी आखलेला दिसत नाही.

'तृतीय रत्न' आज रंगभूमीवर आणायचे झाले तर काय करावे? पाद्र्याची भाषणे निम्म्याहून अधिक कापावीत. पूजेच्या पाटावर ठेवायची नाटके असतात तशी हिची गत करू नये. जोतीरावांचे आहे म्हणून प्रत्येक वाक्य राखलेच पाहिजे असे नाही. जोश्याला उगाच राक्षस करू नये, त्याचे बोलणे गोड असले तरच ते खरे वाटेल. कर्जाचा प्रसंग मात्र सावकाश करावा. किती आणले, किती उरले, व्याज काय, हे कुणबीण बोटांवर मोजू पाहते आणि मोजणे तिला जमत नाही, असे नुसते अभिनयातून दाखवले तर पुढच्या पाद्र्याच्या चार पानांचे काम तेथेच होऊन जाईल. विदूषकाला मोकळे सोडावे. शाळेच्या शेवटच्या प्रवेशाला पार्श्वसंगीत नको. पाटीवर लेखणी घासल्याचा आवाज पुरे.