कौटुंबिक चित्रफितींची पाठचिकित्सा

घरगुती चित्रफितींची अंकीय प्रत करणारे व्यावसायिक स्वतःस नकलनवीस न समजता सुधारक समजतात. आमचा आक्षेप येथेच आहे. पाल पद्धतीच्या फितीत सेकंदास ५० अर्धचित्रे असतात. आमच्या पाहण्यात आलेल्या, १९९४ मधील एका बारशाच्या हाय-८ फितीच्या प्रतीत एकाआड एक अर्धचित्र गाळून २५ चित्रे केली आहेत. परिणामी पाळण्याला झोका देणारा आजीचा हात अडखळतो. खरखर पुसताना तिचे पुटपुटणेही पुसले गेले. वर सनई चढविली आहे, ती निराळीच! पोथीचा संपादक त्याज्य पाठ निदान तळटीपेत नोंदवितो. येथे फीत परत मिळाली खरी. परंतु हाय-८ची चालू यंत्रे आता जुन्या बाजारातच धुंडाळावी लागतात. असंस्कारित प्रत सोबत द्यावयास हवी होती.