शॉनची दलदल आणि सिस्टरांच्या वह्या

कामाच्या ठिकाणचे गुंतागुंतीचे प्रश्न लोक कसे हाताळतात, यावर पीएचडी करायची म्हटलं की एक पुस्तक टाळता येत नाही. डोनाल्ड शॉनचं १९८३ सालचं 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर'. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा भारावून आणि दुसऱ्यांदा, फील्डवर्क फसल्यावर, चिडून.

शॉनचं म्हणणं थोडक्यात असं. विद्यापीठ शिकवतं की आधी सिद्धान्त, मग त्याचा वापर. पण कामावर प्रश्न असे नीट मांडून समोर येत नाहीत. काही प्रश्न उंच, कोरड्या जमिनीवरचे असतात, तिथे सूत्रं चालतात. माणसांना खरे छळणारे प्रश्न मात्र खाली दलदलीत असतात. तिथे जाणता माणूस काम करता करताच विचार करतो, प्रश्नच वेगळा मांडून बघतो, आणि परिस्थिती काय उत्तर देते त्याकडे लक्ष ठेवतो. एमआयटीतल्या प्राध्यापकाने हे म्हणावं, यातच निम्मी गंमत आहे!

त्याचं गाजलेलं उदाहरण आर्किटेक्चरच्या स्टुडिओतलं. पेट्रा नावाची विद्यार्थिनी उताराच्या जागेवर शाळा बसवताना अडकली आहे. तिचे शिक्षक क्विस्ट तिच्या स्केचवर ट्रेसिंग पेपर टाकतात आणि बोलत बोलत रेषा ओढू लागतात. या वेड्यावाकड्या जमिनीवर आधी एखादी शिस्त लादून बघ, पटली नाही तर मोडता येईल, असा त्यांचा पवित्रा. शॉन या संवादाचं इतकं बारीक वाचन करतो की, फील्डनोट्स कशा वाचाव्यात हे शिकायला तरी ते प्रकरण वाचाच.

आता तोच संवाद पुन्हा वाचा आणि फक्त कोण किती बोलतंय ते मोजा. क्विस्ट बोलतात, काढतात, बदलतात. पेट्रा बहुतेक वेळ री ओढते. मोठ्याने विचार करायची मुभा नेमकी कोणाला आहे? शॉनला हे अजिबात दिसत नव्हतं असं नाही. पुढच्याच प्रकरणात मानसोपचार शिकणाऱ्या डॉक्टरची सुपरवायझरसमोरची घुसमट त्याने टिपली आहे. पण ते त्याच्या मांडणीचं केंद्र होत नाही. मायकल इरॉटने १९९५ मध्ये वेळेचा मुद्दा काढला. भरल्या वर्गात क्षणात निर्णय घ्यावा लागतो, तिथे असा विचार कधी करायचा? रास्त आहे. पण मला वाटतं, वेळेच्याही आधी प्रश्न येतो की चुकलेलं कोणाला परवडतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका रुग्णालयात मी सिस्टरांना वह्या दिल्या होत्या, ड्यूटीवरचा एखादा अवघड प्रसंग रोज लिहा म्हणून. सहा आठवड्यांनी वह्या आल्या. अक्षर सुरेख, आणि पानोपानी 'नातेवाइकांना शांतपणे समजावले'. शेवटी चहा पिताना एकजण म्हणाली, "मॅडम, वही आधी इन्चार्ज बाई वाचतात. त्यात खरं कोण लिहिणार?" वह्या कुठे राहतील, कोण चाळेल, हे मी विचारलंच नव्हतं. सहा आठवडे पाण्यात.

दुसऱ्या फेरीत मी ख्रिस आर्जिरिस आणि शॉन यांचीच दोन रकान्यांची पद्धत घेतली. उजवीकडे प्रत्यक्ष बोललेलं, डावीकडे मनात आलेलं पण गिळलेलं. वह्या या वेळी माझ्याच पिशवीत. एका पानावर उजवीकडे फक्त 'हो डॉक्टर' आहे. डावा रकाना भरून मागच्या पानावर गेलाय.

तुम्हाला हे फील्डमध्ये वापरायचं असेल तर आधी स्वतःवर करून बघा. गाईडबरोबरची शेवटची मीटिंग घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. माझ्या उजव्या रकान्यात होतं, 'हो सर, डेटा छान येतोय.' डावीकडे त्या सहा आठवड्यांची सगळी कहाणी. ते पान सरांना मी अजून दाखवलेलं नाही.